बोरन्हाणातलं बोर, हुरड्याचा दाणा अन् बाळाचा घास: हाताने खायला शिकणाऱ्या लेकराला काय द्यायचं, काय टाळायचं

संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत गावोगावी बोरन्हाणाची धांदल असते. पाटावर बसवलेलं बाळ, अंगात काळं झबलं, गळ्यात हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून ओतलेली बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, तिळाच्या रेवड्या. अलीकडे त्यात चॉकलेटच्या रंगीत गोळ्याही आल्या. गल्लीतली पोरं वेचायला तुटून पडतात, मोठी माणसं फोटो काढण्यात गुंग असतात. आणि नेमकं त्याच वेळी पाटावरचं आठ-नऊ महिन्यांचं बाळ समोर पडलेलं काहीतरी उचलतं आणि तोंडात घालतं.

यात बाळाची काही चूक नाही. दिसेल ते उचलायचं आणि तोंडात घालून बघायचं, या वयात त्याचं कामच ते. अडचण अशी की त्या ढिगातली जवळपास प्रत्येक वस्तू बाळाच्या घशात अडकण्याच्या मापाची असते.

म्हणून बोरन्हाण करायचंच नाही असं नाही. सोहळा होऊ द्या, पण एका मोठ्या माणसाने फोटो न काढता फक्त बाळाच्या हातांकडे बघत बसायचं. ओतून झालं की बाळाला लगेच उचलून घ्यायचं, झबल्याच्या घड्या, मांडीखालची जागा, टोपडं झटकून बघायचं, आणि खोली झाडून झाल्याशिवाय त्याला खाली सोडायचं नाही. हलव्याचे दागिने फोटो झाल्यावर काढून ठेवायचे. बाळ ते चोखतं, साखरेचा दाणा सुटतो आणि आत जातो. शेंगदाणे, रेवड्या आणि टणक गोळ्या ढिगातून वगळल्या तरी बोरन्हाण छानच होतं.

आजीलोक म्हणतात, "आमची पाच लेकरं असलंच खाऊन मोठी झाली." त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण ज्या घरातलं लेकरू दाणा अडकून गेलं, ते घर ही गोष्ट चारचौघांत बोलून दाखवत नाही, म्हणून ती आपल्या कानावर येत नाही.

बाळाच्या घशात पटकन का अडकतं?

लहान बाळाची श्वासनलिका जेमतेम रस प्यायच्या स्ट्रॉएवढी असते. घशात दोन वाटा असतात, एक पोटाकडे जाणारी आणि एक फुप्फुसाकडे. घास गिळताना श्वासाची वाट झाकली जाते, पण ही सवय बाळाला अजून पक्की झालेली नसते. हसताना, रडताना किंवा रांगताना तोंडात घास असेल तर तो चुकीच्या वाटेला लागू शकतो. मोठा माणूस ठसका लागला की जोरात खोकून ते बाहेर फेकतो. बाळाच्या खोकल्यात तेवढा दम नसतो.

दुसरी गोष्ट दातांची. "दोन दात आलेत, आता चावून खाईल" असं घरोघरी ऐकू येतं. पुढच्या दातांनी तुकडा मोडता येतो, पण दळता येत नाही. दळायला दाढा लागतात आणि पहिल्या दाढा साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या आसपास येतात. म्हणजे सात-आठ महिन्यांचं बाळ गाजराचा कडक तुकडा मोडून तोंडात घेऊ शकतं, पण त्याचं पुढे काय करायचं हे त्याला जमत नाही. दात नसलेलं बाळ मात्र मऊ बटाटा हिरड्यांवर छान चिरडतं. तेव्हा दात मोजत बसण्यापेक्षा घास किती मऊ आहे ते बघावं.

सुरुवात कधी करायची

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. सहा महिने म्हणजे 180 दिवस. आपल्याकडे उष्टावण मुलाचं सहाव्या-आठव्या महिन्यात आणि मुलीचं पाचव्या-सातव्या महिन्यात करायची रीत आहे. मामाच्या मांडीवर बसवून खिरीचं बोट चाटवलं जातं. रीत जरूर पाळा, पण मुलगी आहे म्हणून पाचव्या महिन्यात अन्न सुरू करू नका. मुलगा असो वा मुलगी, पोट आणि घसा सहा महिन्यांनंतरच तयार होतो.

नुसतं वय भरून भागत नाही, बाळाची तयारीही दिसली पाहिजे. मान ताठ धरतं का? थोडा आधार दिला की बसतं का? जेवणाऱ्यांच्या ताटाकडे झेपावतं का? चमचा तोंडात घातला की जिभेने बाहेर ढकलणं थांबलं आहे का? या गोष्टी दिसत असतील तर सुरू करा. मान टाकणाऱ्या बाळाच्या हातात तुकडा देऊ नका. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचा हिशोब वेगळा असतो, तो डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

बाळाने स्वतःच्या हाताने खायच्या या पद्धतीला शहरात ‘बेबी लेड वीनिंग’ म्हणतात. गिल रॅप्ली नावाच्या ब्रिटिश आरोग्यसेविकेने हे नाव गाजवलं. पण आजीच्या मांडीवर बसून तिच्या ताटातला भात चिवडणारं बाळ आपल्याकडे नवं नाही. नाव नवं असलं तरी काम जुनंच आहे. असं खाल्ल्याने बाळाला जास्त अडकतं का, ही शंका सगळ्यांना येते. न्यूझीलंडमध्ये सुमारे 200 बाळांवर याचा अभ्यास झाला आणि तो 2016 साली प्रसिद्ध झाला. पालकांना नीट माहिती देऊन हाताने खाऊ घातलेल्या बाळांमध्ये घशात अडकण्याचं प्रमाण चमच्याने भरवलेल्या बाळांपेक्षा जास्त आढळलं नाही. पण त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट दिसली. दोन्ही गटांतल्या कितीतरी बाळांना धोक्याचे पदार्थ दिले जात होते. म्हणजे बाळ हाताने खातं की चमच्याने, यापेक्षा त्याला काय दिलं जातं, हेच महत्त्वाचं.

आपल्याच चुलीवरचा बाळाचा घास

बाजारातून काही आणायची गरज नाही. घरात जे शिजतं त्यातूनच बाळाचा वाटा काढता येतो. फक्त तो मीठ-तिखट घालण्याआधी बाजूला काढायचा. वर्षाच्या आतल्या बाळाला वरून मीठ, साखर, गूळ काही लागत नाही. अळणी लागेल हा आपला समज आहे, बाळाला चवीची तुलना अजून माहीत नसते.

घास तयार झाला की एक साधी चाचणी करायची. तुकडा अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून हलकं दाबायचं. लोण्यासारखा चिरडला तर द्यायचा. दाबूनही तसाच राहिला, निसटला किंवा कडकन मोडला, तर परत कुकरमध्ये. बाळाच्या हिरड्यांत जेवढा जोर असतो, तेवढाच साधारण या चिमटीत असतो.

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला चिमटीत धरता येत नाही, ते सगळ्या मुठीने पकडतं. म्हणून त्याला लहान तुकडा देऊन उपयोग नाही, तो मुठीतच चिरडून जातो. मोठ्या माणसाच्या बोटाएवढा लांब तुकडा द्यायचा. अर्धा मुठीत, अर्धा बाहेर. उकडलेला बटाटा, रताळं, लाल भोपळा, दुधी, गाजर, बीट यांच्या अशा फाका चांगल्या होतात. गाजर आणि बीट भाजीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्यावं लागतं. रताळ्याचे दोरे निघतात, ते ओढून टाकायचे. फरसबी उकडून, दोन्ही बाजूच्या शिरा काढून द्यायची.

फळांत पिकलेलं केळं सगळ्यात सोपं. अर्धं केळं घेऊन वरचं साल सोलायचं आणि खालचं राहू द्यायचं, म्हणजे हातातून घसरत नाही. साल आधी धुवायला विसरू नका. पपई आणि पिकलेला आंबा लांब फाकांत. चिकू द्यायचा तर बिया काढून आणि हाताने चाचपून, कारण एखादी बी गरात लपून बसते. सीताफळ मात्र नको, त्यात बिया फार आणि गर निसरडा, इतकी कसरत करण्यात अर्थ नाही. चाळणीतून गर गाळून चमच्याने दिला तर चालतो. सफरचंद आणि पेरू कच्चे द्यायचे नाहीत. वाफवून मऊ करायचे. पेरूचा बियांचा गाभा काढून टाकायचा.

भाकरीचं काय? ज्वारीची भाकरी हे आपलं रोजचं अन्न, तेव्हा बाळालाही ती मिळाली पाहिजे. पण भाकरीची कड दात शिवशिवतात म्हणून बाळाच्या हातात देतात, ते नको. चघळून चघळून ती भिजते, अचानक मोठा तुकडा सुटतो आणि टाळूला चिकटतो. त्याऐवजी गरम भाकरीचा वरचा पापुद्रा काढून तो वरणात किंवा दुधात कुस्करायचा आणि वरून थोडं तूप. पोळीचंही तसंच. कोरड्या पोळीचा तुकडा तोंडात गोळा होतो, वरणात भिजवलेली पोळी सहज उतरते.

हातात धरून खायला सर्वांत चांगलं म्हणजे धिरडं. मुगाची डाळ चार-पाच तास भिजवून वाटायची, त्यात किसलेला दुधी किंवा बारीक चिरलेला पालक घालायचा, आणि तव्यावर थोड्या तुपात मऊ धिरडं काढायचं. कुरकुरीत करायचं नाही. झाकण ठेवून वाफेवर होऊ द्यायचं आणि गार झालं की बोटाएवढ्या पट्ट्या कापायच्या. डाळ, भाजी, तूप एकाच घासात जातं, हाताला चिकटत नाही आणि बाळाला धरता येतं. नाचणीच्या पिठाचं, ज्वारीच्या पिठाचं, बेसनाचं धिरडंही असंच होतं. मऊ इडलीच्या फाका छान, पण नुसत्या कोरड्या नकोत, वरणात किंवा दह्यात बुडवून द्यायच्या. मऊ भात घट्ट वरणात कालवून त्याचे बोटाएवढे लांबट वळे केले तरी बाळ उचलून खातं.

अंडं चालतं, सहा महिन्यांनंतर पिवळं-पांढरं दोन्ही. पण पूर्ण शिजलेलं. उकडलेलं पिवळं कोरडं असतं आणि घशाला बसतं, म्हणून ते थोडं तूप किंवा आईचं दूध घालून कालवायचं. आम्लेट मऊ करून पट्ट्या कापल्या तर आणखी सोपं. मांसाहार करणाऱ्या घरांत चिकनचा किंवा मटणाचा खिमा भरपूर शिजवून, त्याची मऊ लांबट वळकटी करून द्यावी. मासा द्यायचा तर मोठ्या काट्याचा निवडायचा, बोटांनी तुकडा तुकडा चाचपून काटा काढायचा, आणि हे काम उजेडात करायचं. बोंबील, मोरी म्हणून हाक आली की घाईत ताट पुढे सरकवायचं नाही.

आठ-नऊ महिन्यांनंतर बाळ अंगठा आणि बोटाने दाणा उचलू लागतं. ही चिमट जमली की तुकडे लहान करायचे, शिजलेल्या हरभऱ्याएवढे, पण तेवढेच मऊ. याच वयात जमिनीवर पडलेलं बारीकसारीकही त्याला उचलता यायला लागतं. पूर्वी दिसूनही जे हातात येत नव्हतं ते आता येतं, आणि घरच्यांच्या हे लक्षात यायला दोन-चार दिवस लागतात.

या गोष्टी हाताशी सुद्धा नकोत

शेंगदाणा पहिला. भारतात बाळांच्या आणि लहान मुलांच्या श्वासनलिकेतून काढाव्या लागणाऱ्या वस्तूंमध्ये शेंगदाणा नेहमी वरच्या क्रमांकावर असतो. त्यापाठोपाठ फुटाणे, हरभरे, वाटाणे, चिंचोके, सीताफळाच्या बिया, सुपारीची खांडं. अख्खा शेंगदाणा, अख्खे काजू-बदाम चार-पाच वर्षांपर्यंत द्यायचेच नाहीत. शेंगदाण्यातला कस बाळाला द्यायचा असेल तर त्याचं अगदी बारीक कूट करून लापशीत किंवा वरणभातात नीट मिसळून द्या. कोरडं कूट चमच्याने भरवू नका, ते श्वासाबरोबर आत जातं. पहिल्यांदा देताना थोडंसं द्या आणि बाळाच्या अंगावर गांधी उठतात का, ओठ सुजतात का हे बघा.

हिवाळ्यात हुरड्याचा हंगाम असतो. शेतात आगटी पेटते, कणसं भाजली जातात, ताट्या भरतात आणि मांडीवरच्या बाळाच्या तोंडात कौतुकाने दोन दाणे जातात. हुरड्याचा दाणा कोवळा वाटला तरी वर्षाच्या आतल्या बाळाला तो चावता येत नाही. बरोबरची शेंगदाण्याची चटणी, शेव, गुळाचा खडा यांचंही तसंच. बाळाला हुरडा चाखवायचाच असेल तर कोवळे दाणे वाटून, शिजवून, चमच्याने.

द्राक्ष दिसायला मऊ, पण अख्खं द्राक्ष घशात बुचासारखं बसतं. ते उभं चार फाका करून, बी असेल तर काढून द्यायचं. आडवं कापून उपयोग नाही, तुकडा गोलच राहतो. टोमॅटो, बोर, जांभूळ, करवंद यांचं तेच. बोर-जांभळाचा गर काढून द्या, बिया आधी बाहेर. कच्चं गाजर, कच्चा मुळा, काकडीची जाड फोड, सुक्या खोबऱ्याचा तुकडा, खारीक, मक्याचे दाणे, लाह्या, चिवडा, फरसाण, चिक्की, रेवडी, लिमलेटची गोळी, जेली, च्युइंगम, हे सगळं बाजूला. दात येताना खारीक चोखायला देण्याची जुनी पद्धत आहे. तासाभराने ती मऊ पडते आणि बी सुटते. त्यापेक्षा स्वच्छ ओलं फडकं चघळायला द्या.

पावाबद्दल थोडं. चहात बुडवलेला पाव, टोस्ट, खारी, बिस्कीट हे गावाकडच्या बाळांचं नाश्त्याचं अन्न होऊन बसलंय. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, बिस्किटात मैदा आणि साखर, आणि भिजलेल्या पावाचा लगदा टाळूला चिकटतो. पोट भरल्यासारखं होतं आणि बाळ खरं जेवण नाकारतं. पाच रुपयांचा पुडा सोयीचा वाटतो, पण तेवढ्याच पैशात केळं येतं.

मधाचाही प्रश्न आहे. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नाही. बाळगुटीत नाही, सोन्याच्या अंगठीवर नाही, बोटावर चाटण म्हणूनही नाही. मधात बोट्युलिझम नावाच्या आजाराच्या जंतूंची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ती निरुपद्रवी राहतात, बाळाच्या आतड्यात मात्र वाढून विष तयार करतात. बाळ लुळं पडू शकतं. शुद्ध, रानातला, स्वतः काढलेला मध असला तरी हा धोका कमी होत नाही.

कोण भरवतं, कुठे भरवतं

घशात अडकण्याच्या घटना ताटापेक्षा ताटाभोवतीच्या घाईमुळे जास्त होतात. आई रानात गेलेली, आजीच्या डोळ्याला कमी दिसतं, आणि सहा वर्षांची ताई धाकट्याला प्रेमाने आपल्या हातातले फुटाणे देते. तिला कुणी सांगितलेलंच नसतं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात तर कोपीत मोठं भावंडच बाळ सांभाळतं. म्हणून घरातल्या प्रत्येक लेकराला एक वाक्य शिकवून ठेवायचं: "बाळाला खायला द्यायच्या आधी मला दाखव." पोरं हे पटकन शिकतात आणि मग मोठ्यांनाही टोकतात.

बाळ ताठ बसलेलं असतानाच द्यायचं. आडवं, झोळीत, पाळण्यात, रांगताना, मोटारसायकलवर किंवा एसटीत द्यायचं नाही. गाडी खड्ड्यात आदळली की घास आत ओढला जातो, आणि चालत्या गाडीत मागे काय चाललंय ते कळतही नाही. रडणाऱ्या बाळाला गप्प करायला तोंडात काही घालणं तर सगळ्यात वाईट. रडताना बाळ मोठा श्वास आत घेतं. मोबाईलवर गाणी लावून भरवतात, तेही टाळा. बाळाचं लक्ष घासावर नसतं आणि भरवणाऱ्याचंही बाळावर नसतं.

हात धुणं तर आहेच. बाळ स्वतः खाणार म्हणजे त्याचे हातही साबणाने धुवायचे, नखं कापलेली हवीत. शिजवलेला घास उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवून नंतर द्यायचा नाही.

उबळ आणि अडकणं यात फरक आहे

नवीन खाणाऱ्या बाळाला उबळ येतेच. घास जरा मागे गेला की जीभ पुढे येते, डोळ्यांत पाणी येतं, चेहरा लाल होतो, खोकतं, कधी ओकतं. आवाज येत असतो. ही बाळाची स्वतःची राखण आहे. अशा वेळी पाठीत धपाटे घालू नका, तोंडात बोट घालू नका. बोटाने घास आणखी आत ढकलला जातो. जवळ बसा, शांत राहा, बाळ स्वतःच घास पुढे आणेल.

खरं अडकतं तेव्हा आवाज बंद होतो. हा फरक पाठ करून ठेवावा असाच आहे. तोंड उघडं पण रडू फुटत नाही, खोकला येत नाही किंवा अगदी क्षीण येतो, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ आधी फिके आणि मग निळे पडतात. शेजारच्या खोलीत असलेल्या माणसाला काहीच ऐकू येत नाही. बाळ खात असताना कुणीतरी समोर बसायचं ते यासाठीच.

अडकलंच तर पहिल्या मिनिटात काय करायचं

एकाने 108 ला फोन करायचा, दुसऱ्याने लगेच हात चालवायचे. एकटेच असाल तर फोन स्पीकरवर टाकून सुरू करा. दवाखान्याकडे पळत सुटू नका. तालुक्याला पोहोचायला अर्धा तास लागतो आणि मेंदू प्राणवायूशिवाय काही मिनिटंच तग धरतो.

वर्षाच्या आतलं बाळ: खुर्चीवर किंवा जमिनीवर बसा. बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, हात मांडीवर टेकवा. बाळाचं डोकं छातीपेक्षा खाली. त्याचा जबडा आपल्या बोटांनी धरा, गळा दाबू नका. दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या टाचेने, म्हणजे मनगटाजवळच्या जाड भागाने, दोन्ही खांद्यांच्या हाडांमध्ये 5 वेळा जोरात ठोके द्या. दर ठोक्यानंतर वस्तू बाहेर पडली का बघा. नाही पडली तर बाळाला उताणं करा, डोकं खालीच ठेवा आणि स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, छातीच्या मधल्या हाडावर तळव्याच्या टाचेने 5 वेळा दाबा. दाब साधारण दीड इंच खोल जायला हवा. परत पालथं, 5 ठोके. परत उताणं, 5 दाब. वस्तू निघेपर्यंत किंवा बाळ रडेपर्यंत हेच चालू ठेवायचं.

या वयाच्या बाळाचं पोट दाबायचं नाही, आतल्या यकृताला इजा होते. वर्षापुढच्या मुलाला पुढे वाकवून पाठीत 5 ठोके, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून आत-वर 5 झटके.

बाळाला पाय धरून उलटं टांगू नका, हलवू नका, पाणी पाजू नका. तोंडात वस्तू डोळ्यांना दिसत असेल तरच चिमटीने काढा, न दिसता बोट फिरवू नका. बाळ गळून गेलं, हालचाल थांबली तर कडक जागेवर उताणं ठेवून छाती दाबायला सुरुवात करा: 30 दाब, मग तोंड-नाकावर तोंड ठेवून 2 हलक्या फुंका, परत 30. फोनवर 108 चा माणूस असेल तर तो सांगत राहतो. आणि वस्तू निघून बाळ ठीक दिसू लागलं तरी त्या दिवशी डॉक्टरांना दाखवाच.

हे वाचून हात तयार होत नाहीत. घरातली कापडी बाहुली किंवा उशी घेऊन दोनदा करून बघा. आशा ताई किंवा उपकेंद्रातल्या सिस्टर गावात आल्या की त्यांना करून दाखवायला सांगा.

ठसका थांबला, पण दाणा आत राहिला

हे अनेकांना माहीत नसतं. खाताना जोरात ठसका लागतो, बाळ दोन-तीन मिनिटं खोकतं आणि मग शांत होतं. घरच्यांना वाटतं, गेलं खाली. प्रत्यक्षात दाणा श्वासनलिकेतून पुढे जाऊन एका फुप्फुसाच्या फांदीत बसलेला असतो. तिथे तो ओलावा शोषून फुगतो आणि त्याच्या तेलाने आजूबाजूला सूज येते. काही दिवसांनी खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज, ताप, न्यूमोनिया. औषधाने बरं वाटतं, परत होतं. साध्या एक्स-रेत शेंगदाणा दिसत नाही, त्यामुळे फोटो चांगला आला म्हणून निर्धास्त होता येत नाही. असा दाणा भूल देऊन दुर्बिणीने काढावा लागतो आणि ती सोय मोठ्या रुग्णालयातच असते.

म्हणून बाळाचा खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना एक वाक्य आवर्जून सांगा: "अमक्या दिवशी खाताना ठसका लागला होता." या एका वाक्याने निदान महिनाभर आधी होऊ शकतं. घरच्यांपैकी ज्याच्या हातून दाणा दिला गेला तो माणूस ओरडा बसेल म्हणून गप्प बसतो, असंही होतं. त्याला बोलतं करा, रागवायचं नंतर.

हाताने खाल्लं तर पोट भरतं का?

सुरुवातीला नाही. अर्धं झबल्यावर, पाव जमिनीवर, उरलेलं तोंडात. म्हणून हातात एक तुकडा आणि मोठ्यांच्या हातात चमचा, दोन्ही बरोबर चालू द्या. फक्त हातानेच खायचं हा हट्ट आपल्याकडे परवडणारा नाही. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला जन्मापासूनचा लोहाचा साठा संपत येतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 6 ते 59 महिने वयाच्या 68.9 टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं, देशात हे प्रमाण 67.1 टक्के. नुसतं केळं आणि बटाटा हातात देऊन हे भरून निघत नाही. डाळ, अंडं, खिमा, काळीज, मासे, पालेभाजी रोज आलटून-पालटून पाहिजे, आणि डाळ-भाजीवर लिंबाचे दोन थेंब पिळले की त्यातलं लोह जास्त अंगी लागतं. आशा ताई लोहाचं पातळ औषध देतात, ते 1 मिली, आठवड्यातून दोनदा. बाटली फडताळात पडून राहू देऊ नका. उंचावर ठेवा, पण विसरू नका.

सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा जेवण, सुरुवात दोन-तीन चमच्यांनी आणि हळूहळू अर्धी वाटी. नऊ महिन्यांपासून तीन-चार वेळा आणि मधे एक-दोनदा खाऊ. आईचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू. बाळाने तोंड फिरवलं की थांबा, नाक दाबून कोंबू नका. नवा पदार्थ पहिल्यांदा थुंकला म्हणून सोडून देऊ नका, चार दिवसांनी परत द्या.

अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांना घरी न्यायचा आहार मिळतो. पाकिटात शिजवायचं पीठ असेल तर लापशीबरोबरच त्याचं मऊ धिरडंही होतं आणि मग ते बाळाला हातात धरता येतं. आशा ताई बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात. सहाव्या महिन्याच्या भेटीत बाळाला समोर बसवून एक घास देऊन दाखवा आणि बरोबर जमतंय का विचारा. नवव्या महिन्याच्या भेटीला चिमट आली का ते बघायला सांगा, म्हणजे तुकडे कधी लहान करायचे तेही त्याच दिवशी ठरेल.